कर्करोगपेशींचे एक्सोसोम आणि प्रतिकारशक्ती: पहिला प्रयोग उभा करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. संपवून मी कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत दाखल झाले, तेव्हा मला मिळालेला विषय एका ओळीचा होता: फुप्फुसाच्या कर्करोगपेशींनी बाहेर टाकलेले एक्सोसोम, म्हणजे अतिसूक्ष्म पिशव्या, प्रतिकारक पेशींचे वर्तन बदलतात का, आणि बदलत असतील तर ते त्यांच्यातील आरएनएमुळे का. या ओळीचा पहिला अर्धा भाग सहा महिन्यांत उरकला. दुसऱ्या अर्ध्याने पुढची तीन वर्षे घेतली, कारण एक्सोसोमच्या नळीत आरएनएखेरीज आणखी बरेच काही असते आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट मॅक्रोफेजला, म्हणजे परके कण गिळणाऱ्या प्रतिकारक पेशीला, चिडवू शकते. परिणाम दिसणे आणि तो आरएनएमुळेच झाला हे दाखवणे यांतले अंतर कसे कापायचे, एवढ्याच गोष्टीसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी ए५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगपेशी आणि मोनोसाइट या मानवी रक्तातील पांढऱ्या पेशींपासून तयार केलेले मॅक्रोफेज घेतले आहेत. तुमच्या पेशी वेगळ्या असल्या तरी पायऱ्यांचा क्रम बदलत नाही.

१. आधी शब्दाचा घोळ मिटवा

एक्सोसोम म्हणजे पेशीच्या आत, एंडोसोम नावाच्या कप्प्याच्या पोटात तयार होणाऱ्या आणि एंडोसोम पेशीपटलाला जाऊन मिळाला की बाहेर सोडल्या जाणाऱ्या ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका. १९८३ मध्ये अपरिपक्व तांबड्या पेशी आपला ट्रान्सफेरिन रिसेप्टर बाहेर कसा टाकतात हे पाहताना दोन स्वतंत्र गटांना त्या दिसल्या, आणि १९८७ मध्ये रोझ जॉनस्टोन यांच्या गटाने त्यांच्यासाठी एक्सोसोम हे नाव रूढ केले. बराच काळ त्यांच्याकडे पेशीचा केरकचरा म्हणूनच पाहिले गेले. १९९६ मध्ये बी पेशींच्या एक्सोसोमवर टी पेशींना प्रतिजन दाखवणारे रेणू सापडले, १९९८ मध्ये डेन्ड्रायटिक पेशींच्या एक्सोसोममुळे उंदरांतील गाठी आक्रसल्याचे फ्रान्समधील गटाने दाखवले, आणि २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील हादी वलादी, यान लोटवाल आणि सहकाऱ्यांनी मास्ट पेशींच्या एक्सोसोममध्ये संदेशक आरएनए (प्रथिनाचा आराखडा नेणारा) आणि मायक्रोआरएनए (जनुके दाबणारा लहान आरएनए) दोन्ही असल्याचे प्रसिद्ध केले. आपला विषय खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की पेशीत आरएनएचे तुकडे करणारा एक प्रथिनसंच आहे आणि १९९७ पासून त्यालाही एक्सोसोम हेच नाव आहे. एक्सोसोम आणि आरएनए हे दोन शब्द एकत्र शोधले की निम्मे निबंध त्या दुसऱ्या एक्सोसोमवरचे निघतात. मी असे चार निबंध छापून, पिवळ्या पेनने अधोरेखित करून आठवडाभर वाचत बसले होते. शोधताना पुटिका किंवा पेशीबाह्य पुटिका हा शब्द जोडावा.

दुसरा खड्डा अधिक महत्त्वाचा आहे. नळीत जमलेल्या पुटिका एंडोसोममधूनच आल्या की पेशीपटलाचा फुगवटा तुटून आल्या, हे बहुतेक पद्धतींनी सांगता येत नाही. म्हणून पेशीबाह्य पुटिकांवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था २०१४, २०१८ आणि २०२३ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना मिसेव्ह म्हणतात, सांगत आली आहे की उगम सिद्ध केला नसेल तर एक्सोसोम न म्हणता पेशीबाह्य पुटिका म्हणावे. बोलताना आम्ही सगळेच एक्सोसोम म्हणतो, आणि या लेखातही मी ते म्हणते आहे. निबंधात मात्र परीक्षक पहिला आक्षेप इथेच घेतात.

२. आरएनए नेमके काय करतो असे तुम्ही म्हणता, ते एका वाक्यात लिहा

हे वाक्य लिहिल्याशिवाय एकही फ्लास्क लावू नका. एक्सोसोममुळे प्रतिकारक पेशी बदलल्या, या एका निरीक्षणामागे निदान तीन निरनिराळ्या यंत्रणा असू शकतात आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळा असतो.

पहिली यंत्रणा सर्वांना पाठ असते. एक्सोसोममधील मायक्रोआरएनए दुसऱ्या पेशीत शिरतो, तिथल्या एखाद्या संदेशक आरएनएला जुळतो आणि त्याचे प्रथिन कमी करतो. चीनमधील नानजिंग विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेले उदाहरण घ्या: गाठीतून सुटलेला मायक्रोआरएनए-२१४ टी पेशींत पोहोचतो, पीटेन हे प्रथिन घटवतो आणि त्यामुळे नियामक टी पेशींची, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पेशींची, संख्या वाढते. या यंत्रणेची अडचण अशी की मायक्रोआरएनए एंडोसोममध्ये अडकून राहता कामा नये. तो पेशीद्रवात यावा लागतो आणि पुरेशा संख्येने यावा लागतो. त्याच वर्षी अमेरिकेतील एका गटाने प्रती मोजल्या, तेव्हा मुबलक समजल्या जाणाऱ्या मायक्रोआरएनएचीही एक प्रत सापडण्यासाठी सरासरी शंभराहून अधिक एक्सोसोम पाहावे लागतात असे निघाले. हा आकडा वाचून मी दोन दिवस हबकून गेले होते. तो वाचूनही तुमचे वाक्य टिकत असेल तर पुढे जावे.

दुसऱ्या यंत्रणेत आरएनए जनुके दाबत नाही, तर धोक्याची घंटा वाजवतो. आपल्या पेशींत विषाणूंचा आरएनए ओळखणारे रिसेप्टर असतात. त्यांपैकी टीएलआर ३, टीएलआर ७ आणि टीएलआर ८ एंडोसोममध्येच बसलेले असतात, तर रिग-आय पेशीद्रवात असतो. २०१२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले की फुप्फुसाच्या कर्करोगपेशींच्या एक्सोसोममधील मायक्रोआरएनए-२१ आणि २९-ए हे उंदरातील टीएलआर ७ ला आणि माणसातील टीएलआर ८ ला चिकटतात, त्यातून इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा हे दाहाचे संदेश देणारे रेणू वाढतात, आणि या दाहाचा फायदा कर्करोगाला पसरण्यासाठी होतो. इथे एंडोसोममधून सुटका व्हावी लागत नाही, कारण गिळलेली पुटिका रिसेप्टर जिथे आहे तिथेच जाऊन पडते. म्हणूनच नवख्या माणसाने या यंत्रणेपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. २०१६ मध्ये याच धर्तीवर गाठीतील एक्सोसोमचा आरएनए फुप्फुसाच्या वायुकोशांतील पेशींचा टीएलआर ३ जागा करून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावतो आणि कर्करोगाच्या आगमनाआधीच जागा तयार ठेवतो, असे उंदरांत दिसले. २०१७ मधले काम तर वाचताना मजा आली: पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील गटाला स्तनाच्या कर्करोगाभोवतीच्या फायब्रोब्लास्टच्या एक्सोसोममध्ये आरएन७एसएल१ हा पेशीचा स्वतःचा आरएनए आढळला. पेशीत असताना तो प्रथिनांनी झाकलेला असतो, एक्सोसोममध्ये मात्र उघडा असतो, आणि उघडा असल्यामुळेच रिग-आयला तो विषाणूचा वाटतो.

तिसरी शक्यता अशी की यात आरएनएचा काही संबंधच नसेल. मेलेनोमाच्या पेशी आपल्या एक्सोसोमवर पीडी-एल१ हे प्रथिन बाळगतात आणि ते टी पेशींना थोपवते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या एक्सोसोमवर ते असेल आणि तुम्ही टी पेशी मंदावल्या म्हणून मायक्रोआरएनएकडे बोट दाखवत असाल, तर ते बोट चुकीचे असू शकते.

आणखी एक सूचना इथेच देते. दाह वाढला म्हणजे कर्करोगाविरुद्धचा प्रतिकार वाढला, असे समीकरण मांडू नका. वरच्या २०१२ च्या उदाहरणात प्रतिकारक पेशी जाग्या झाल्या आणि लाभ कर्करोगाचा झाला. त्यामुळे इंटरल्यूकिन-६ मोजून थांबणे पुरेसे नसते. त्या मॅक्रोफेजच्या सहवासात कर्करोगपेशी पुढे काय करतात हेही पाहावे लागते.

३. कागदपत्रे

हे काम कंटाळवाणे आहे, पण तीन महिने खाते. म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. भारतात साधारणपणे पुढील गोष्टी लागतात:

• मानवी रक्त किंवा गाठीचे नमुने घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अर्ज भरताना शेजारी उघडी ठेवावीत.
• रुग्णाच्या भाषेतील संमतिपत्र. आमच्या मराठी मसुद्यात एक्सोसोम हा शब्द पाहून समितीतील एका सदस्यांनी तो कोणालाही कळणार नाही म्हणून परत पाठवला. पेशींतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या, असे लिहिल्यावर तो मंजूर झाला.
• जनुके काढून टाकलेल्या पेशी वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीची परवानगी.
• उंदरांवर प्रयोग असतील तर प्राणी नैतिकता समितीकडे फॉर्म बी.
• पेशी कोठून आणल्या याचे पत्र आणि त्यांची ओळख पटवणारा एसटीआर अहवाल. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून पेशी मागवता येतात. शेजारच्या प्रयोगशाळेने प्रेमाने दिलेली नळी मात्र अहवालाशिवाय घेऊ नये.

उंदरांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. उंदराचा टीएलआर ८ माणसाच्या टीएलआर ८ सारखा वागत नाही; हे काम उंदरात टीएलआर ७ करतो. मानवी पेशींवर मिळालेला निष्कर्ष उंदरात तपासताना रिसेप्टरही बदलतो. शिवाय गाठ आणि उंदीर एकाच वंशाचे असावेत: बी१६ किंवा लुईस फुप्फुस कर्करोगपेशी सी५७ ब्लॅक ६ उंदरांत, ४टी१ पेशी बाल्ब-सी उंदरांत. वंश जुळला नाही तर गाठ परकी म्हणूनच नाकारली जाईल आणि त्यात एक्सोसोमचा वाटा किती हे कळणार नाही.

४. साधने

अल्ट्रासेंट्रिफ्यूज तुमच्या प्रयोगशाळेत असेलच असे नाही. सामायिक सुविधेत असेल तर तिची नोंदवही आधी पाहा, कारण ती सकाळी मिळाली नाही तर दिवस वाया जातो. त्याशिवाय आकार गाळणाऱ्या स्तंभासाठी सेफरोज सीएल-२बी किंवा तयार स्तंभ, ०.२२ मायक्रॉनच्या गाळण्या, प्रथिने चिकटणार नाहीत अशा कमी-बंधक नळ्या, प्रथिने पचवणारे प्रोटीनेज के, आरएनए तोडणारे आरनेझ आणि आरनेझ रोधक, लहान आरएनए टिकवून ठेवणारे निष्कर्षण किट, मायकोप्लाझ्मा तपासण्याचे किट आणि एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचे विष मोजणारी एलएएल चाचणी एवढे हाताशी हवे. शेवटच्या दोन वस्तू खर्च वाचवण्यासाठी यादीतून सर्वांत आधी कापल्या जातात. त्या कापू देऊ नका.

५. पेशी वाढवताना

पेशींच्या माध्यमात घालतो ते गर्भस्थ वासराचे सीरम स्वतःच पुटिकांनी आणि आरएनएने भरलेले असते. वासराच्या कित्येक मायक्रोआरएनएचा क्रम माणसाच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे यंत्र त्यांच्यात फरक करत नाही. सीरम किमान १८ तास १,००,००० जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट बलाने) फिरवून वरचे द्रव घेण्याची प्रथा आहे. त्याने बहुतेक पुटिका जातात, पण प्रथिनांना बांधलेला आरएनए मागे राहतोच. माझा सल्ला असा की अशा फिरवलेल्या सीरमवर अवलंबून राहावे लागले तरी, ज्यात एकही पेशी वाढलेली नाही असे तेच माध्यम ४८ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवून शेवटपर्यंत सर्व पायऱ्यांतून न्यावे. याला मी कोरी नळी म्हणते आणि पुढे तिचा पुन्हा उल्लेख येईल. सीरमरहित माध्यम स्वच्छ असते, पण उपाशी पेशी वेगळ्या पुटिका सोडतात.

माध्यम गोळा करण्याच्या दिवशी पेशी मोजून जिवंत पेशींचे प्रमाण लिहून ठेवा. ते ९५ टक्क्यांखाली गेले असेल तर मी ते माध्यम टाकून देत असे. मरणाऱ्या पेशींचे तुकडे, डीएनए आणि प्रथिने हे सगळे पुटिकांबरोबर खाली बसते आणि मॅक्रोफेज त्यावर तुटून पडतात.

मायकोप्लाझ्माची तपासणी दर महिन्याला करावी. हे जिवाणू स्वतःही पुटिका सोडतात आणि त्यांची लिपोप्रथिने टीएलआर २ ला जागी करतात.

६. पुटिका वेगळ्या करणे

जुना क्रम असा आहे: ३०० जी वर १० मिनिटे, म्हणजे पेशी खाली बसतात, २,००० जी वर १० मिनिटे, म्हणजे मृत पेशी, १०,००० जी वर ३० मिनिटे, म्हणजे मोठे तुकडे आणि मोठ्या पुटिका, शेवटी १,००,००० जी वर ७० मिनिटे, म्हणजे आपल्याला हव्या त्या पुटिका. मग साका पीबीएस या क्षारयुक्त द्रावणात विरघळवून पुन्हा ७० मिनिटे. पहिल्या तीन टप्प्यांत वरचे द्रव ठेवायचे आणि साका टाकायचा, शेवटच्या टप्प्यात उलटे. हे वाचताना हास्यास्पद वाटेल, पण संध्याकाळी सात वाजता, दिवसभर उभे राहिल्यावर, मी शेवटचा साका सिंकमध्ये ओतला आहे.

हा साका बहुधा दिसत नाही. दिसलाच तर काचेवर वाळलेल्या थेंबाच्या डागासारखा, किंचित पिवळसर आणि पारदर्शक. तिरक्या रोटरमध्ये तो नळीच्या तळाशी नसतो, तर बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर तळापासून थोडा वर असतो. म्हणून नळी रोटरमध्ये ठेवण्यापूर्वी तिच्या एका बाजूला मार्करने रेघ मारा आणि रेघ बाहेर येईल अशी नळी ठेवा. फिरवून झाल्यावर द्रव एका झटक्यात उलटून टाका, नळी उलटीच टिश्यूवर क्षणभर टेकवा, आणि मग ५० ते १०० मायक्रोलिटर गाळलेले पीबीएस त्या रेघेवरून वीस-पंचवीस वेळा हलकेच खाली-वर करा. बुडबुडे येऊ देऊ नका. पातळ भिंतीच्या नळ्या जवळजवळ काठोकाठ भरलेल्या असाव्यात, नाहीतर त्या आत चेपतात. आणि समोरासमोरच्या नळ्या डोळ्यांनी नव्हे तर तराजूवर तोलाव्यात.

वहीत फेऱ्यांचा आकडा नव्हे, तर जीचा आकडा, रोटरचे नाव आणि वेळ लिहा. एकच फेऱ्यांचा आकडा दोन रोटरमध्ये दोन वेगळी बले देतो.

आरएनएविषयी दावा करायचा असेल तर नुसता हा साका पुरेसा शुद्ध नसतो असे माझे ठाम मत आहे. अर्धा मिलिलिटर नमुना आकार गाळणाऱ्या स्तंभावर घाला. पुटिका सुरुवातीच्या भागांत येतात आणि सुटी प्रथिने नंतर. उत्पन्न घटते, पण रात्री झोप लागते. एका तासात एक्सोसोम देणारी अवक्षेपण किट बाजारात आहेत. ती पॉलिमरच्या जाळ्यात पुटिकांबरोबर आरएनए बांधलेली प्रथिनेही ओढतात आणि तो पॉलिमर पेशींवरही जातो. प्रतिकारशक्तीच्या प्रयोगासाठी मी ती वापरणार नाही.

मिळालेला नमुना लहान लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवा. नुसत्या पीबीएसमध्ये पुटिका हळूहळू कमी होतात. त्यात मानवी अल्ब्युमिन आणि ट्रेहॅलोज घातले तर त्या बऱ्याच टिकतात.

७. ओळख पटवणे

कण मोजणारे यंत्र ब्राउनच्या हालचालीवरून व्यास काढते. समोरचा कण पुटिका आहे, लिपोप्रथिन आहे की प्रथिनांचा गोळा आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने ओळखण्याच्या चाचणीत, पुटिकांच्या पटलावरचे सीडी ९, सीडी ६३ किंवा सीडी ८१ यांपैकी एक, आतले टीएसजी १०१ किंवा अ‍ॅलिक्स, आणि जे असू नये असे कॅलनेक्सिन किंवा जीएम १३० दाखवावे. पेशींचा अर्क शेजारच्या मार्गिकेत असल्याशिवाय नसणे सिद्ध होत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुटिका वाटीसारख्या खोलगट दिसतात, आणि तो आकारच एक्सोसोमची खूण आहे असे काही जण अजून शिकवतात. तो नमुना वाळवल्यामुळे येतो. गोठवून पाहिल्या तर त्या गोलच असतात.

कण आणि प्रथिन यांचे गुणोत्तरही काढावे. प्रत्येक मायक्रोग्रॅम प्रथिनामागे ३,००० कोटींहून अधिक कण असतील तर नमुना चांगला शुद्ध मानतात.

८. आरएनए पुटिकेच्या आत आहे हे दाखवणे

रक्तात आणि माध्यमात फिरणारा बराचसा मायक्रोआरएनए पुटिकांमध्ये नसतो. तो आर्गोनॉट २ या प्रथिनाला बांधलेला असतो. २०११ मध्ये हे स्पष्ट झाले, आणि तरीही बाहेरचा आरएनए आत मोजला जाण्याची चूक सर्रास होते.

तीन नळ्या लावा. पहिलीत पुटिका जशाच्या तशा. दुसरीत आधी प्रोटीनेज के, ते निष्क्रिय केल्यावर आरनेझ. तिसरीत आधी ट्रायटन एक्स-१०० टाकून पटल फोडायचे आणि मग दुसरीचाच क्रम. आरएनए खरोखर आत असेल तर तो पहिल्या दोन नळ्यांत टिकतो आणि तिसरीत नाहीसा होतो. नुसते आरनेझ वापरू नका, कारण प्रथिनांनी झाकलेला बाहेरचा आरएनए त्यातून वाचतो. आणि प्रोटीनेज के निष्क्रिय करायला विसरलात तर ते आरनेझलाच खाऊन टाकते.

बायोअ‍ॅनालायझरवर तुमच्या नमुन्यात रायबोसोमच्या आरएनएचे १८एस आणि २८एस हे उंचवटे दिसणार नाहीत आणि आरएनएच्या अखंडतेचा आकडा २ च्या आसपास येईल. घाबरू नका, आरएनए कुजलेला नाही. पुटिकांत मुख्यतः लहान आरएनएच असतात; उलट ते दोन उंचवटे ठळक दिसले तर पेशींचे तुकडे शिरल्याचा संशय घ्यावा. क्यूपीसीआरने आरएनए मोजताना पेशींसाठी वापरतात तो यू६ आरएनए प्रमाण म्हणून घेऊ नका, पुटिकांत तो स्थिर नसतो. निष्कर्षणाच्या वेळीच कृमीचा मायक्रोआरएनए-३९ ठरावीक मात्रेत घालणे बरे.

९. प्रतिकारक पेशींवर टाकणे

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्या मॅक्रोफेजमध्ये एक्सोसोम टाकल्यावर टीएनएफ-अल्फा इतका सुंदर वाढला की मी स्तंभालेख छापून टेबलासमोर चिकटवला. तीनदा प्रयोग झाला, तीनदा तोच आलेख. चौथ्या वेळी मार्गदर्शकांनी कोरी नळीही त्याच थाळीत लावायला सांगितली. तिचा स्तंभ एक्सोसोमच्या स्तंभाएवढाच उंच आला. दोष पीबीएसच्या बाटलीत होता. ती मी स्वतः धुऊन ऑटोक्लेव्ह केली होती, आणि ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरत असले तरी त्यांचे एंडोटॉक्सिन जसेच्या तसे राहते, हे मला ठाऊक नव्हते. त्यासाठी काच २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास भाजावी लागते. चार महिन्यांचे काम गेले आणि आलेख मी स्वतः काढला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक नमुन्यातील एंडोटॉक्सिन एलएएल चाचणीने मोजा. मग, एक्सोसोम टाकण्यापूर्वी, तुमचे मॅक्रोफेज टीएलआर ८ मार्फत प्रतिसाद देतात का हे आर८४८ या औषधाने तपासा. टीएचपी-१ या मोनोसाइटसारख्या कर्करोगपेशींपासून बनवलेले मॅक्रोफेज यात कधी कधी थंड निघतात आणि मग पुढचे सगळे निष्फळ ठरते. त्यानंतरच्या थाळीत किमान एवढे खड्डे असावेत: काहीही न टाकलेले, कोरी नळी, एक्सोसोम, एक्सोसोम आणि पॉलिमिक्सिन बी, जे एंडोटॉक्सिनला बांधते, एक्सोसोम आणि क्लोरोक्विन, जे एंडोसोमचे आम्लीकरण थांबवून तिथल्या टीएलआरना गप्प करते, आणि निरोगी फुप्फुसपेशींचे तितकेच एक्सोसोम. तितकेच म्हणजे कणांच्या संख्येने, प्रथिनाच्या वजनाने की पेशींच्या संख्येने, हे लिहून ठेवा, कारण तिन्ही मापांनी निष्कर्ष वेगळा येऊ शकतो. मात्रा एकच न घेता चार-पाच घ्याव्यात.

एवढ्यावर एक्सोसोमचा परिणाम सिद्ध होतो, आरएनएचा नव्हे. त्यासाठी काढून पाहावे लागते आणि परत घालून पाहावे लागते. काढणे अवघड असते, कारण आरनेझ अखंड पुटिकेच्या आत जात नाही. म्हणून मूळ कर्करोगपेशींतूनच मायक्रोआरएनए-२१ चे जनुक क्रिस्पर या जनुक-कात्रीने काढून त्या पेशींचे एक्सोसोम घ्यावेत. ते मूळ एक्सोसोमइतकेच गिळले जातात हेही दाखवावे लागते. परत घालणे म्हणजे तोच मायक्रोआरएनए डोटॅपसारख्या लिपिडमध्ये गुंडाळून मॅक्रोफेजला देणे, आणि शेजारी क्रम बदललेला आरएनए तसाच गुंडाळून देणे. मायक्रोआरएनएचे लक्ष्य गाठणारे टोक बदलूनही दाह तसाच राहिला, तर परिणाम जनुक दाबण्याने नव्हे, रिसेप्टरमार्फत होतो असे म्हणता येते. टीएलआर ८ बसवलेल्या आणि न बसवलेल्या एचईके २९३ पेशींची जोडी मिळाली तर हा मुद्दा आठवड्यात निकाली निघतो.

एक्सोसोम पेशीत शिरताना दाखवण्यासाठी पीकेएच रंग वापरतात. हा रंग एकटाही पुटिकांच्याच आकाराचे कण बनवतो आणि पेशी तेही गिळतात. माझ्या सर्वांत देखण्या छायाचित्रातले निम्मे लाल ठिपके, एक्सोसोम न घालता केवळ रंग फिरवलेल्या नळीतही होते.

मोनोसाइट रक्तदात्यांकडून घेत असाल तर निदान तीन वेगळ्या व्यक्तींचे घ्या. एकाच व्यक्तीच्या रक्तावर तीनदा केलेला प्रयोग तीन प्रयोग म्हणून मोजता येत नाही.

१०. रुग्णांच्या रक्ताकडे वळायचे असेल तर

घाई करू नका. पेशींवरचा पुरावा पक्का झाल्यावरच वळा. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी घ्या, हिरव्या झाकणाची हेपारिनची नको, कारण हेपारिन पीसीआर रोखते. सीरमपेक्षा प्लाझ्मा बरा, कारण रक्त गोठताना प्लेटलेट पुटिका सोडतात. २,५०० जी वर १५ मिनिटे असे दोनदा फिरवून प्लेटलेट काढा, आणि ते काढण्यापूर्वी नमुना गोठवू नका. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या असतील तर मायक्रोआरएनए-४५१ए आणि १६ भरमसाट वाढलेले दिसतात आणि ते कर्करोगाचे चिन्ह समजले जाण्याचा धोका असतो. ४१४ नॅनोमीटरवरचे शोषण मोजून असे नमुने बाजूला काढावेत. लिपोप्रथिने प्लाझ्मामध्ये पुटिकांच्या कितीतरी पट असतात, म्हणून रुग्णाने उपाशीपोटी रक्त दिलेले चांगले.

११. नोंदणी

ईव्ही-ट्रॅक नावाच्या खुल्या नोंदणीत तुमच्या पद्धतीचे तपशील भरले की नोंदीचा क्रमांक आणि टक्क्यांत गुण मिळतात. तो क्रमांक निबंधात देता येतो. बहुतेक जण निबंध पूर्ण झाल्यावर हा अर्ज उघडतात. तुम्ही तो पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी उघडा, त्यातील रकाने छापून वहीत चिकटवा आणि त्या त्या दिवशी भरत जा. नळीचा प्रकार, रोटरचे नाव, प्रतिपिंडाचा लॉट क्रमांक, साका किती पीबीएसमध्ये विरघळवला, असे सगळे त्यात विचारतात. माझ्या पहिल्या आठ प्रयोगांच्या पानांवर रोटरचे नाव नव्हते. ते शोधण्यासाठी मी सामायिक सुविधेची दोन वर्षांपूर्वीची नोंदवही चाळत बसले, आणि आठपैकी पाच दिवसांचेच सापडले.